रबराखालचं लोखंड

उलव्यात सातमजली इमारतीच्या चौथ्या माळ्यावर राहणारा मधुकर घरत आपल्या कामाचं नाव कधी धड सांगत नसे. कुणी विचारलं की म्हणायचा, "बंदरावं हाय." सोसायटीतल्या लोकांना वाटायचं, कस्टममध्ये क्लार्क असेल. बंदर म्हटलं की लोकांना न्हावा शेव्याच्या क्रेन दिसतात, ट्रेलरची रांग दिसते. पण जहाजाच्या डेकवर कंटेनरच्या पेट्या एकावर एक चढवल्या की त्या समुद्रात हलू नयेत म्हणून लोखंडी गजांनी आवळून बांधाव्या लागतात आणि हे काम माणसं हातानं करतात, हे कुणाच्या गावीही नसतं. मधुकर ते करायचा. वीस वर्षं.

हे काम जोडीनं होतं. गज पंधरा फुटी, वजन वीस किलोच्या आसपास. एक जण तो उभा करून त्याची मुंडी वरच्या पेटीच्या कोपऱ्यातल्या भोकात अडकवतो. दुसरा गजाचा पाय धरतो, डेकवरच्या कड्याला जोडतो आणि स्क्रू पिळून ताठ करतो. मुंडीवाल्याचा हात चुकला तर गज सरळ पायवाल्याच्या डोक्यावर. म्हणून जोडी कुणी लावून देत नाही. माणसं आपली आपण जमवतात, आणि एकदा जमली की सुपरवायझरही तोडायला जात नाही. हजेरीच्या वहीत दोन नावं एका ओळीत येतात. एकाची रजा पडली तर दुसराही त्या दिवशी पोटदुखी काढतो.

मधुकर मुंडीवाला. त्याचा पायवाला इंद्रजित शेडगे, खटाव तालुक्यातला. अठरा वर्षं एका ओळीत नावं. मधुकर उरण बाजूचा आगरी, बापाची भातखाचरं आणि मिठागर बंदराच्या जमिनीत गेलेली. इंद्रजित दहावी नापास होऊन मामाच्या खोलीवर आलेला. दोघांची भाषा एक नाही, खाणं एक नाही. डबा मात्र एक. इंद्रजित मधुकरच्या डब्यातली सुकट नाक मुरडत खायचा आणि सगळी संपवायचा.

"तुमच्यात हळदीला जेवढी मानसं जेवत्यात ना मध्या, तेवढे आमच्या गावात मतदार न्हाईत," तो म्हणायचा.

"तुमचे गावान पानीच नाय. मानसा कशी ऱ्हातील?" मधुकर म्हणायचा.

त्या वर्षी मे महिन्यात, दुपारच्या पाळीत, मधुकरनं उचललेल्या एका गजाची मुंडी भोकात बसली असं वाटलं आणि बसली नव्हती. गज निसटला. अशा वेळी मुंडीवाल्यानं हात सोडून बाजूला उडी मारायची, हा नियम पहिल्याच दिवशी शिकवतात, कारण पडता गज धरायला गेलं तर गजही जातो आणि हातही. पण इंद्रजित खाली वाकलेला होता, कड्यात बोटं घालून. मधुकरनं गज सोडला नाही. डाव्या हाताच्या कोपरात दाबून तो फिरवला आणि रेलिंगवर आपटवला. इंद्रजितच्या हेल्मेटला नुसता चाटून गेला. मधुकरच्या खांद्यात मात्र काहीतरी फाटल्याचा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला. जाड तागाची गोणी फाडावी तसा.

ऑपरेशन झालं. तीन महिने हात गळ्यात. सप्टेंबरात पट्टा निघाला तेव्हा डावा दंड उजव्याच्या निम्मा झाला होता आणि मधुकरला त्या हातानं केसांत कंगवा फिरवता येत नव्हता.

ठेकेदाराच्या कचेरीचा कायदा साधा होता. जखमी माणसानं वर्षाच्या आत परीक्षा द्यायची. यार्डात दोन पेट्या एकावर एक ठेवलेल्या असतात, सुपरवायझरसमोर गज उचलून मुंडी लावून दाखवायची. जमलं तर परत डेकवर. नाही जमलं तर हलकं काम, म्हणजे गेटच्या शेडमध्ये बसून पेट्यांच्या सीलचे नंबर तपासायचे. परीक्षा एकदाच. तयारी नसेल तर आधी डॉक्टरची चिठ्ठी देऊन तीन महिने मागून घ्यायचे, पण एकदा गजाला हात लावला की लावला. अर्जावर आणखी एक ओळ होती. घरी केलेला सराव जोडीदारानं डोळ्यांनी पाहिला असल्याची सही.

मधुकरला डेकवर परत जायचं होतं. दुसरं काहीच नको होतं. गेटच्या शेडमध्ये बसणारी माणसं त्यानं पाहिली होती. खुर्चीला उशी बांधून, चष्मा कपाळावर घेऊन, डबा कधी उघडायचा याची वाट बघणारी. "तय बसून मी मरून जाईन," तो जयमालाला, बायकोला, म्हणायचा. ती त्याच्या ताटात भात वाढायची.

नेरूळच्या फिजिओथेरपीवाल्या मॅडमनं सांगितलं, घरी डंबेल घ्या, पण वजन कमी-जास्त करता येणारी घ्या. तयार डंबेलचं एक वजन पेललं की पुढचं आणायचं, त्यापेक्षा नुसते दांडे घ्या, चकत्या हव्या तशा वाढवा. मधुकर दुकानात जायला निघाला होता. इंद्रजित म्हणाला, "खुळा का काय तू? तळोज्याला माझा मेव्हना कटिंगच्या वर्कशॉपला हाय. दुकानातल्या चकत्यांत निम्मी वाळू असती."

मग दांडे आले. चौदा इंचांचे दोन. मध्ये पकडायला खरबरीत, दोन्ही टोकांना आटे पाडलेले, त्यांवर फिरवून घट्ट करायचे चांदणीसारखे नट. आणि सोळा एमएम जाड पोलादातून कापलेल्या चकत्या, मध्ये भोक, एकेक अडीच किलोची. दांडा दोन किलोचा. दोन्ही बाजूंना एकेक चकती घातली की सात किलो. दोन दोन घातल्या की बारा. तीन तीन घातल्या की सतरा. मॅडमचं म्हणणं, एका हाताला सतरा किलो डोक्यावर बारा वेळा जायला लागलं की मगच गजाचं नाव काढा.

नट पिळायला मनगट आणि खांदा दोन्ही लागतात, ते डाव्या हाताला मना होतं. म्हणून चकत्या चढवायचं काम इंद्रजितचं. बदली मुंडीवाल्याबरोबरची पहिली पाळी सुटली की तो जासईवरून बाईक घालून यायचा. हॉलमधला टीपॉय भिंतीला लावायचा, चटई टाकायचा, दांड्यात चकत्या ओवायचा, नट पिळायचा आणि मोजायला बसायचा. मोजणं त्याचं गावच्या तालमीतलं. एक, दोन, तीन असं नाही. "येऊ दे. आला. आनि येऊ दे. आला. अजून एक पाव्हना बाहेर हुबा हाय, त्याला बी आत घे." जयमाला स्वयंपाकघरातून हसायची.

सात किलो दसऱ्यापर्यंत जमले. दिवाळीनंतर इंद्रजितनं दुसऱ्या चकत्या चढवल्या आणि मधुकर अडला. उजवा हात सरळ वर गेला. डावा कानापर्यंत गेला आणि थरथरायला लागला. पुढचे चार दिवस तेच. पाचव्या दिवशी दांडा मध्येच सुटला, नट ढिला असावा, चकती निघून फरशीवर आपटली आणि फरशीला तडा गेला. पाच मिनिटांत खालच्या मजल्यावरच्या उज्वला मॅडमचा सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, की वर कुणी कारखाना काढला असल्यास कमिटीची परवानगी दाखवावी.

मधुकर भिंतीकडे तोंड करून चटईवर बसून राहिला.

"उद्यापासून येऊ नको," तो म्हणाला.

"काय झालं आता?"

"नाय होत. हात गेला तो गेला. तू तुजा बघ. नवीन मुंडीवाला बघ."

इंद्रजित बराच वेळ तडा गेलेल्या फरशीवर पायाचा अंगठा फिरवत राहिला. मग म्हणाला, "चकत्या समद्या दे. रबर लावून आनतो दोन्ही बाजूंनी. आवाज बी न्हाय, फरशी बी न्हाय. आठ दिस आराम कर. मग बघू."

आठ दिवसांनी चकत्या काळं जाड रबर चढवून आल्या, कडेनंही पट्टी मारलेली, गोल गरगरीत, दुकानातल्यासारख्या. इंद्रजितनं त्या दांड्यात ओवल्या, नट पिळले. "बारा किलो," म्हणाला. "घाई नगं."

डावा हात वर गेला. थरथरला, पण गेला. पुन्हा गेला. सहा वेळा.

मधुकरला रडू आलं. वीस वर्षं लोखंड हाताळलेल्या माणसाला चकतीचं वजन हातात घेताच कळायला हवं होतं. कळलंही होतं. नंतर त्यानं स्वतःच ते कबूल केलं. ढीग उचलून बाल्कनीत ठेवताना त्याला तो हलका वाटला होता. पण माणूस सहा महिने आजारी असतो आणि एक दिवस वस्तू हलक्या वाटायला लागतात, तेव्हा तो वस्तूवर संशय घेत नाही. त्याला वाटलं, ताकद आली. त्यानं पुण्याला शिकणाऱ्या मुलीला, जाईला, व्हिडिओ पाठवला. तिनं फुगलेल्या दंडाचं चित्र पाठवलं. जयमालाला म्हणाला, "मना आज बोंबलाचा कालवण कर. आनि इंद्यासाठी जास्त ठेव."

जानेवारीत तिसऱ्या चकत्या चढल्या. त्याही रबर लावूनच आलेल्या. सतरा किलो. पहिल्यांदा चार वेळा, मग सात, मग शिवरात्रीच्या आधी पुरे बारा. मधुकरची चाल बदलली. लिफ्टमध्ये उज्वला मॅडम भेटल्या तर त्यांची भाजीची पिशवी डाव्या हातानं घ्यायला लागला.

परीक्षेचा अर्ज भरायच्या दिवशी मात्र त्याला कुठंतरी खटकलं. नेरूळच्या मॅडम म्हणाल्या होत्या, हवी तर तीन महिन्यांची चिठ्ठी देते, अजून मे यायचा आहे. त्यानं इंद्रजितला विचारलं. चटईवर दोघं बसले होते, मध्ये चहा.

"घेऊ का रं तीन म्हयने? तुना काय वाटतंय?"

इंद्रजितनं कपातला चहा संपवला. कप पालथा घालून बशीत ठेवला, जे तो कधी करत नसे.

"कशाला?" तो म्हणाला. "तयार हाईस की."

आणि अर्जावर सही केली. सराव पाहिला. दर हाती सतरा किलो, बारा वेळा. खाली इंद्रजित बाळू शेडगे, मराठीत, वळणदार.

परीक्षा एप्रिलच्या शेवटी, सकाळी दहाला. यार्डात दोन पेट्या एकावर एक. सुपरवायझर प्रसाद सरनाईक वही घेऊन उभा. आणखी दोन जोड्या बघायला आलेल्या. मधुकरनं हातमोजे घातले, गज उचलला, उभा केला. मुंडी वर सरकत गेली. भोकापासून दोन बोटं खाली होती तेव्हा डाव्या खांद्यानं ऐकणं बंद केलं. त्याला ते आधी समजलंच नाही, कारण बारा वेळा जाणारा हात एकदा का जाऊ नये? त्यानं जोर लावला. गज डावीकडं कलला, त्याच्या हातातून गेला आणि सिमेंटवर असा आदळला की गेटवरचा सिक्युरिटीवाला धावत आला.

पायवाल्यानं जिथं उभं राहायचं तिथं गज पडला. इंद्रजित तिथं नव्हता. तो दोन पावलं बाजूला, पेटीला पाठ लावून उभा होता.

"सॉरी घरत," सरनाईक म्हणाला आणि वहीत काहीतरी लिहिलं.

पुढच्या सोमवारपासून मधुकर गेटच्या शेडमध्ये बसायला लागला. खुर्चीला उशी नव्हती, ती त्यानं बांधू दिली नाही. ट्रेलर यायचा, ड्रायव्हर खाली उतरायचा, मधुकर सीलचा नंबर वाचायचा. इंद्रजितच्या जोडीला एक नवा मुंडीवाला दिला होता, हितेश नावाचा, पंचविशीतला. दोघं समोरून डेकवर जायचे. इंद्रजित हात वर करायचा. मधुकर नंबर वाचत राहायचा. पण त्याच्या मनात इंद्रजितबद्दल वाकडं काही नव्हतं. उलट त्याला लाज वाटत होती, की ह्यानं एवढे महिने घातले आणि आपण त्याचं नाक कापलं.

पंधरा दिवसांनी एका रविवारी तो जयमालाला म्हणाला, "बाल्कनीतला लोखंड देऊन टाकतो. बघवत नाय."

गव्हाण फाट्याजवळ दुर्गाबाईचं भंगाराचं दुकान आहे. दुर्गाबाई जालन्याकडची, साठीची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि गळ्यात काट्याची किल्ली. मधुकरनं रिक्षातून गोणी उतरवली.

"हे काय आणलं भाऊ? रबर हाय का लोखंड?"

"आतमदी लोखंड हाय."

"मग रबर काढा. मी रबर तोलत नसते. तिथं सुरी हाय बघा."

"तुमी काढा ना मावशी."

"मी काहून काढू? तुमच्या घरचं गाठोडं तुमीच सोडा."

मधुकर पत्र्याच्या डब्यावर बसला. पहिल्या चकतीची कडेची पट्टी कापली, रबर सोललं. आत पोलाद. सोळा एमएम. त्यानं ती बाजूला ठेवली. दुसरी सोलली, तशीच. तिसरीचं रबर निघेना, ते दुप्पट जाड होतं, एकावर एक दोन थर चिकटवलेले. त्यानं ओढून काढलं. आत दहा एमएमची चकती होती.

डोळ्यांनी बघून पत्र्याची जाडी सांगणारा माणूस तो. तरी त्यानं पहिली चकती आणि ही चकती शेजारी धरली. मग चौथी सोलली. मग भराभर सगळ्या. बारापैकी चार जाड निघाल्या आणि आठ पातळ.

"तोला," तो म्हणाला.

दुर्गाबाईनं एक पातळ चकती काट्यावर ठेवली. दीड किलो आणि वर थोडं.

"काटा खोटा हाय तुमचा."

आता भंगारवालीचा काटा खोटा आहे असं प्रत्येक गिऱ्हाईक म्हणतं, ते तिला लागत नाही. पण ह्या माणसाचा चेहरा बघून ती गप उठली, आतून सरकारी शिक्क्याचं पाच किलोचं वजन आणलं आणि काट्यावर ठेवलं. पाच. काढलं, जाड चकती ठेवली. अडीच. काढली, पातळ ठेवली. दीड आणि वर थोडं.

"खोटं असंल तर तुमचं लोखंड खोटं हाय भाऊ," ती म्हणाली. "काट्याला कशाला बोलता?"

मधुकरनं बोटांवर हिशेब केला. ज्याला सतरा म्हणत होतो ते तेरा. ज्या बारावर रडलो ते दहा.

"फसवलं का कुनी?" दुर्गाबाईनं विचारलं.

"नाय. आपलाच मानूस हाय."

"मंग झालं तर," ती म्हणाली आणि दुसऱ्या गिऱ्हाईकाकडं वळली.

त्यानं लोखंड विकलं नाही. एक जाड आणि एक पातळ चकती कापडी पिशवीत घातली, बाकीची गोणी तिथंच ठेवून जासईला इंद्रजितकडं गेला. इंद्रजित चाळीच्या ओट्यावर बाईक धूत होता. मधुकरनं दोन्ही चकत्या ओट्यावर ठेवल्या. इंद्रजितनं पाण्याचा नळ बंद केला.

"बस," तो म्हणाला.

"नाय बसत. कवापासून?"

"दिवाळीच्या फुडनं. तू भिताडाकडं तोंड करून बसलावतास बघ. त्या दिवशी."

"त्या दिवशी मी तुना बोललो, हात गेला. तू बोल्लास, रबर लावतो."

"आरं, तुझं तोंड बघवना मला." इंद्रजित फडकं पिळत होता, कोरडं झालं तरी पिळत होता. "म्हटलं, एकदा वर जाऊ दे हात. आशा लागंल. मग हळूच खरं घालू परत. तू हसलास, वैनी हसल्या, पोरीला व्हिडिओ धाडलास. मग कसं काढायचं? तूच सांग. एकदा केलं की निघंना झालं."

"ते मी समजतंय. आशा लागंल म्हनून केलास. ते ऱ्हाऊ दे." मधुकरचा आवाज वर गेला नव्हता. "मी तुना विचारला, तीन म्हयने घेऊ का. चिठ्ठी व्हती. डाक्टरनी देत व्हती. तू बोल्लास, तयार हाईस. ते कशाला?"

इंद्रजितनं फडकं बाईकच्या आरशावर फिरवलं.

"तीन म्हयने मिलाले असते तर मी खरे सतरा उचलले असते."

"उचलले असतेस," इंद्रजित म्हणाला. "आनि परत आला असतास."

बाईकवरचं पाणी निथळत होतं, ते मधुकरच्या चपलेखाली आलं.

"मी खाली असतो मध्या," इंद्रजित म्हणाला. "तू वर असतोस. त्या मे म्हयन्यानंतर मला रोज सपान पडतं, गज सुटला. तू एकदा धरलास. दुसऱ्यांदा धरशील? त्या हातानं? दोन पोरं हायत मला. सायबाला मी कसं सांगू, का मला ह्याच्याबरूबर नगं? ज्यानं माझं डोस्कं वाचवलं त्याच्याबरूबर नगं? माझ्या तोंडनं निघालं नसतं रं. म्हटलं, परीक्षाच सांगू दे. पडायचाच असंल तर जमिनीवर पडू दे."

"म्हनून दोन पावला बाजूला हुबा व्हतास."

"व्हय."

"तुना माहीत व्हता, परनार."

"व्हय."

मधुकरनं चकत्या पिशवीत टाकल्या. निघताना म्हणाला, "तू सायबाला जाऊन बोलला असतास, मना ह्याच्यासंगं भीती वाटतंय, तर मी दोन दिवस जेवलो नसतो. मग आलो असतो तुजे घरी. तू सायबाला कायच बोल्ला नाय. मना मात्र रोज बारा मोजून दाखवलास."

घरी आल्यावर त्यानं जयमालाला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. तांदळाचं पीठ हाताला तसंच ठेवून ऐकत राहिली.

"मी उद्या कचेरीत जानार," तो म्हणाला. "ह्यो लोखंड दाखवनार. खोटी सही हाय ती. मना दुसरी परीक्षा द्यावीच लागंल त्यांना."

"भावजींचा काय होईल?"

"ते मना नाय ठाव."

"अवो, अठरा वर्सा हायत. त्यांनी वाईट मनानी नाय केला."

"तुना पन ठाव व्हता काय?"

"रबराचा नाय ठाव मना. गावदेवीची शप्पत." तिनं पिठाचा हात परातीत झटकला. मग खाली बघूनच म्हणाली, "पन तुमी परीक्षेत परलात, त्या दिवशी सांजचे मी देवीला नारल दिला. आता तुमी जहाजावं जानार नाय म्हनून. ते खरा हाय. उगाच दुसऱ्याकरून कलन्यापरीस मीच सांगतंय."

मधुकरनं चकत्यांची पिशवी दाराशी ठेवली. मग बाल्कनीत गेला. रिकामी होती. तिथं दांडे ठेवायची जागा फरशीवर काळपट दिसत होती. त्या दिवशी त्याला कळलं की त्याचा हात बरा व्हावा असं घरात फक्त त्याला एकट्याला वाटत होतं. नेरूळच्या मॅडमनाही वाटत होतं, पण त्यांनी फी घेतली होती, त्या वेगळ्या.

दुसऱ्या दिवशी सरनाईकच्या टेबलावर त्यानं पिशवी रिकामी केली. सरनाईकनं दोन्ही चकत्या उचलून बघितल्या, रबराचा तुकडा वाकवून बघितला. फाइल काढली.

"ही सही कोणाची, घरत? तुम्ही बोला. मी लिहितो ते तुमच्या तोंडचं पाहिजे."

खिडकीतून जेट्टी दिसत होती. पाळी बदलायची वेळ होती, माणसं जोडीजोडीनं बसमधून उतरत होती.

"इंद्रजित शेडगे," मधुकर म्हणाला.

"तुमचे कोण?"

"माजा जोडीदार." तोंडात बसलेला शब्द होता, तोच आला.

इंद्रजितला डेकवरून काढून यार्डात टाकलं, सहा महिन्यांसाठी. खोटी सही म्हणून वहीत शेरा. तो काही बोलायला आला नाही. दोन-तीन जोड्यांनी मधुकरशी बोलणं टाकलं. जोडीदाराचं नाव कचेरीत घेतलं, हे त्यांना पटलं नाही, आणि तसं एकानं कॅन्टीनमध्ये तोंडावर सांगितलं. मधुकरनं आपला डबा उचलला आणि दुसऱ्या टेबलावर जाऊन उघडला. त्याला तीन महिने आणि दुसरी परीक्षा मिळाली होती.

त्यानं दुर्गाबाईकडची गोणी परत आणली. पातळ चकत्या तिच्याकडंच टाकल्या. जाड चार घेऊन तळोज्याच्या दुसऱ्याच वर्कशॉपमध्ये गेला, गॅसच्या ज्योतीसमोर उभा राहून त्याच मापाच्या आठ नव्या कापून घेतल्या. रबर लावलं नाही. उज्वला मॅडमच्या दारावर जाऊन सांगितलं, की रोज संध्याकाळी सहा ते पावणेसात आवाज येईल, ऑगस्टपर्यंत, मग येणार नाही. त्या म्हणाल्या, "घरत, तुम्ही गोधडी टाका ना खाली," आणि स्वतःकडची एक जुनी काढून दिली.

नट आता तो डाव्या हातानंच पिळायचा. तेही नेरूळच्या मॅडमनं चालेल म्हटलं होतं. पहिले तीन आठवडे सात किलोवरच. मग एका बाजूला चकती वाढवली की दुसऱ्या बाजूला वाढवायची, घट्ट करायचं, हलवून बघायचं, मगच हातात घ्यायचं. जयमाला एकदा दारात येऊन मोजायला लागली, "एक, दोन..." तो थांबला.

"नको मोजू."

"मी बरोबर मोजतंय."

"माहीत हाय. तरी नको."

बारावर तो दीड महिना अडकला. एकदाही भिंतीकडं तोंड करून बसला नाही, कारण उठवायला कुणी येणार नव्हतं. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सतरा किलो बारा वेळा गेले. हॉलमध्ये टीव्ही चालू होता. त्यानं दांडा गोधडीवर ठेवला, चकत्या काढल्या, पुसल्या, एकावर एक लावल्या आणि आंघोळीला गेला. जाईला व्हिडिओ पाठवला नाही.

परीक्षा त्याच यार्डात. पाऊस थांबून ऊन पडलं होतं, पेट्यांच्या पत्र्यातून वाफ निघत होती. गजाचा पाय धरायला सरनाईकनं हितेशला उभं केलं. मधुकरनं गज उचलला, उभा केला, मुंडी वर नेली. डावा खांदा दुखत होता. पण दुखणारा हात वर गेला. भोकात मुंडी गेल्याचा तो जड, छोटा आवाज आला. खाली हितेशनं पाय कड्याला लावून पिळला. सरनाईकनं गज हातानं ओढून बघितला. हलला नाही.

"झालं घरत. सोमवारपासून डेकवर या." त्यानं हजेरीची वही उघडली आणि मधुकरचं नाव लिहिलं. पेन त्याच ओळीवर पुढं नेलं. "जोडीला कोण लिहू?"

आजूबाजूला चार-पाच मुंडीवाले, पायवाले उभे होते. ह्या प्रश्नावर डेकवर कुणी विचार करत नाही. नाव तोंडावरच असतं. बऱ्याचदा सुपरवायझर विचारतही नाही.

मधुकर हातमोजे काढत होता. उजवा निघाला. डावा घामानं चिकटला होता, तो बोटाबोटानं सोडवावा लागला.

"कोन पन चालंल," तो म्हणाला.

हितेशनं वर बघितलं. सरनाईकनं पेन वहीवर तसंच धरून ठेवलं, पुढं काही येतंय का बघत. मधुकर पाण्याच्या नळाकडं निघून गेला होता.